टप्प्याबाहेरची खुर्ची

ऑर्केस्ट्रातल्या माणसांना कुठे बसवायचं हे सुरांवरून ठरतं असं ज्यांना वाटतं, ते भाग्यवान लोक. मामा ते टेपने ठरवत. शिंप्याची पिवळी टेप कायम गळ्यात, आणि गणित सरळ. व्हायोलिनचा गज अडीच फूट, त्यात माणसाचा हात धरला की पाच. ट्रॉम्बोनची नळी पूर्ण पुढे सरकवली तर समोरच्याच्या मानेपर्यंत आरामात पोचते. आणि चेलो जमिनीवर टेकवायला खाली जी पोलादी सळई असते तिचा टप्पा कमी, पण ती बुटातून जाते. हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं.

मामा खरं तर तिथे कुणाचेच मामा नव्हते. ते व्यवस्थापक. साठ वादकांच्या रजा, तालमी, खुर्च्या आणि टाके, एवढं त्यांच्याकडे होतं. एके काळी तेही तिसऱ्या रांगेत व्हायोलिन वाजवत. मग एका तालमीत खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर मतभेद झाले आणि कुणीतरी त्यांच्या डाव्या हातावर पियानोचं झाकण आपटलं. दोन बोटं पुन्हा नीट वाकली नाहीत. वाजवणं सुटलं, ऑर्केस्ट्रा सुटला नाही. "माणसाची दारू सुटते, पण हे काही यांचं सुटत नाही," मामी म्हणायच्या. मामांनी दारूला कधी हात लावला नव्हता, तरी त्यांना ते पटायचं.

महिन्यापूर्वी ट्रॉम्बोनवाल्याने पुढच्या रांगेतल्या बासरीवाल्याच्या मानेत नळी घातली. मुद्दाम नाही, सूरच तिथे होता, असं त्याचं म्हणणं. सात टाके पडले. त्यावर संस्थेच्या अध्यक्षांनी लेखी हुकूम काढला: यापुढे कोणत्याही वादकाचे रक्त सांडल्यास ऑर्केस्ट्रा त्याच दिवशी बरखास्त.

मामा हात जोडून त्यांच्याकडे गेले. "साहेब, साठ घरं आहेत हो."

"म्हणून तर एक संधी देतोय," अध्यक्ष म्हणाले. "आणि लक्ष ठेवायला माझा माणूस बसेल."

माणूस म्हणजे एक कारकून. तो रोज तालमीला शेवटच्या रांगेत येऊन बसे, मांडीवर वही, वहीवर पेन. संगीताशी त्याचं देणंघेणं नव्हतं. रक्त दिसलं की वेळ टाकून नोंद करायची, एवढंच त्याला सांगितलेलं.

मामांनी मग जन्मात केला नव्हता असा नकाशा करायला घेतला. साठ खुर्च्यांचे साठ गोल. प्रत्येक गोलात त्या माणसाबद्दल जे जे ठाऊक होतं ते, आणि ज्याचं ज्याच्याशी वाकडं त्यांच्यामध्ये लाल रेघ. चित्र पुरं झालं तेव्हा कोळ्याला घेरी यावी असं जाळं झालं होतं. पण त्यातूनही मामांनी अशी बैठक शोधली की कुणाचाही हात, गज, नळी किंवा सळई आपल्या वैऱ्यापर्यंत चार बोटं कमी पडेल.

घोटाळा कागदाने केला. मामांचा हात कागदाच्या बाबतीत आखडता, कोरी बाजू दिसली की त्यांना चैन पडत नसे. त्या दुपारी राजेंनी त्यांच्याकडे एक पान दिलं होतं. राजे म्हणजे पहिलं व्हायोलिन, तंतुवाद्यांचे म्होरके. त्या पानावरची सावकाश चाल सगळ्या तंतुवाद्यांनी एकसाथ वाजवायची, तेव्हा गज कुठे वर आणि कुठे खाली, याच्या खुणा त्यांनी पेन्सिलने केल्या होत्या. नकाशा मामांनी त्याच पानाच्या पाठीवर काढला. नंतर उतरवून घेऊ म्हणाले. तेवढ्यात तालमीची घंटा झाली आणि कागदबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

नोटेशनची पानं सांभाळणं, छापणं आणि वाटणं हे कागदबाईंचं काम. आलेल्या पानाच्या दोन्ही बाजू छापायच्या, हा त्यांचा नियम. एकदा मागची बाजू राहून गेली होती आणि अख्खी तालीम मध्येच संपली होती, तेव्हापासून.

"झालं का पान?" बाईंनी विचारलं.

"झालं," मामा म्हणाले आणि दिलं.

एका स्टँडवर दोघे बसतात आणि आतल्या बाजूच्याने पान उलटायचं, ही जगभरची रीत. चाल एकच, त्यामुळे शेवटच्या सुराला वीस स्टँडवरची वीस पानं एकदम उलटली. आणि वीस स्टँडवरचे चाळीस गज एकदम थांबले. मागच्या वायुवाद्यवाल्यांची पानं वेगळी. त्यांना काहीच कळलं नाही, ते दोन ओळी तसेच वाजवत राहिले. छडीसाहेबांना, म्हणजे कंडक्टरना, वाटलं की आज प्रथमच मागचे नीट ऐकू येताहेत.

राजेंनी चष्मा पुसून आपल्या गोलातलं वाचलं. कानाने कमी. कुणी बोलू नये. मारताना डोळे मिटतो.

"मी मारताना डोळे मिटतो?" त्यांनी चेलोच्या पहिल्या खुर्चीकडे वळून विचारलं.

तिथे सळईताई बसत. त्यांच्या गोलात लिहिलं होतं: आजवर दोन पाय. हिच्यासमोर चपला घालून बसू नये.

"मिटता," ताई म्हणाल्या. "म्हणून तर कुणाला लागत नाही."

राजे उठले, टप्प्यात आले आणि डोळे मिटून मारली. ताईंना लागली नाही. व्हायोलावाल्याला लागली, आणि तो खुर्चीसकट मागे गेला. जाताना त्याने आधाराला जे धरलं तो डबलबास होता. सहा फुटांचं ते वाद्य दोन व्हायोलिनवाल्यांवर आडवं झालं. त्यातला एक खालूनच दुसऱ्याचा गळा आवळत होता, कारण शेजाऱ्याने आपल्या खुर्चीसाठी गुपचूप अर्ज केलाय हे त्याला मिनिटापूर्वीच कळलं होतं. पानं उडत उडत मागे गेली. ट्रॉम्बोनवाल्याने एक झेललं, वाचलं आणि शांतपणे नळी काढून हातात घेतली. बासरीवाला मानेवर हात ठेवून ढोलांमागे पळाला, तर ढोलवाल्याने ढोल सोडून त्याच्या डोक्यावर ठेका धरला. लोखंडी स्टँड पाठींवर पडू लागले. गज मोडल्याचा कडकड आवाज चहूकडून येत होता, आणि छडीसाहेब सवयीने छडी हलवतच होते.

शेवटच्या रांगेत कारकून उभा राहिला. त्याने पेनाचं टोपण काढलं.

"सूज आहे," तो पुढे येत पुटपुटला. "हे खरचटणं. हेही धरता येणार नाही."

मामांनी त्याला पाहिलं, मग राजेंना. राजे जमिनीवर उताणे, आणि ताई चेलो दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यावर उभ्या. सळई राजेंच्या पोटापासून दीड हातावर होती. टेप काढायची गरज नव्हती.

मामा कंडक्टरच्या चौथऱ्यावर चढले. छडीसाहेबांच्या हातातली छडी घेऊन त्यांनी कठड्यावर तीनदा आपटली. या आवाजाला वादक मेलेला असला तरी वर बघतो. साठ माना वर झाल्या.

"गेल्या वर्षी आपली सीडी निघाली," मामा म्हणाले. "लोकांनी डोक्यावर घेतली. त्या दिवशी तुमच्यातल्या तीस जणांचे माइक बंद होते."



"कुणाचे?" ट्रॉम्बोनवाल्याने विचारलं.

"ते सांगत नाही. बंद मी केले होते. आणि कुणाला काही फरक कळला नाही, तुम्हालासुद्धा."

हे खरं होतं की नाही, ते मामांनी मामींनाही कधी सांगितलं नाही. पण त्या तिसांत आपणच होतो, अशी तिथे साठही जणांची खात्री पटली. छडीसाहेब बारा वर्षं जीव तोडून सांगत होते की बाबांनो, पहिला ठोका एकत्र पडू द्या. तो पडला. एक पाव सेकंद पुढे नाही, मागे नाही. तंतुवाद्य, वायुवाद्य, ढोल, सगळे एका जागी, मामांवर. साहेबांचे डोळे भरून आले.

राजेंनी या वेळी डोळे उघडे ठेवले. नाक त्यांनी मोडलं. दोन बरगड्या कुणाच्या नावावर घालायच्या यावर अजून वाद आहे. सळई उजव्या पावलातून गेली आणि लाकडी फळीत रुतली, ताईंना ती उपटायला पाय लावावा लागला. रक्त भरपूर निघालं. नाकातलं शर्टावर, पायातलं चौथऱ्यावरून खाली पहिल्या रांगेत.

मग सगळ्यांना हुकूम आठवला. गर्दी आपोआप बाजूला झाली. कारकून आला, वाकून बोट लावून पाहिलं आणि वादकांची यादी उघडली.

"हे काय वाजवतात?"



"काही नाही," राजे धापा टाकत म्हणाले. "पूर्वी वाजवायचे."

"पूर्वीचं धरता येत नाही," कारकून म्हणाला आणि त्याने टोपण लावलं.

जमिनीवर पडल्यापडल्या मामांनी आपली दोन वाकडी बोटं डोळ्यांसमोर धरली. पियानोचं झाकण कुणी आपटलं ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. त्याच्या गोलात ते त्यांनी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी छडीसाहेब इस्पितळात आले, सफरचंदं घेऊन.

"चावणार कशाने?" मामींनी विचारलं. "आणि आता पुन्हा काय हवंय?"

साहेबांनी चुळबुळ करत सांगितलं. शुक्रवारी कार्यक्रम. अध्यक्ष पहिल्या रांगेत. कालचा तो ठोका पुन्हा मिळेल का? म्हणजे मामांनी काही करायचं नाही, नुसतं सगळ्यांना दिसतील असं बसायचं.

"यांना बसवणार कुठे?" मामी म्हणाल्या. "तिकडे सळया, इकडे नळ्या."

मामांनी तोंडाच्या उरलेल्या भागाने टेप मागितली.

शुक्रवारी मंचाच्या उजव्या कडेला, भिंतीला टेकून एक जादा खुर्ची होती. तिच्यात प्लास्टर, पट्ट्या आणि मामा. दिवे मंद झाले. मामांनी साठही जणांवरून सावकाश नजर फिरवली आणि फक्त कानाजवळ माइकचा एक अदृश्य खटका बंद केल्यासारखं बोट हलवलं.

साठ जबडे आवळले गेले. पहिला ठोका असा पडला की अध्यक्ष खुर्चीत अर्धे उठले. इतकं प्रेमाने वाजवलेलं आपण कधी ऐकलं नाही, असं ते नंतर म्हणाले. शेवटच्या खालच्या सुराला ट्रॉम्बोनवाला जरा वळला आणि त्याने नळी पार शेवटपर्यंत सोडली. ती सपकन येऊन मामांच्या कानापासून चार बोटांवर थांबली.

टेप बरोबर होती.