डोलकाठीवरून वाचलेला हुकूम

नॅथॅनिएल कर्नो सोळा वर्षं लेफ्टनंटच राहिला होता. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं कप्तान होऊन त्यालाच हुकूम सोडत, आणि हा बापडा टोपी काढून "होय, साहेब" म्हणे. वशिला नव्हता, दुसरं काय. पण आज सकाळी प्लिमथच्या धक्क्यावर तो खांद्यावर कप्तानाचा नवाकोरा सोनेरी झुपका लावून उभा होता. सदऱ्याच्या आत, छातीशी, नेमणुकीचा कागद होता. समोर बंदरात त्याचं जहाज डुलत होतं, थ्रॉसल.

त्याचं म्हणजे अजून नव्हेच. आरमाराचा रिवाज असा, की नव्या कप्तानानं तो कागद सगळ्या खलाशांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. शेवटचा शब्द तोंडातून पडेपर्यंत तो जहाजावर नुसता पाहुणा.

इतक्यात धुकं फाटलं आणि धक्क्यावर एकच ओरडा झाला. बंदराच्या तोंडाशी एक फ्रेंच लुटारू जहाज, पकडलेलं इंग्रज व्यापारी गलबत मागे ओढत निघालं होतं. थ्रॉसलवर शिडं सुटायला लागली. जहाजाचा पहिला लेफ्टनंट ऑल्ड्रिज पाठलागाला निघाला होता.

ऑल्ड्रिज तेवीस वर्षांचा, त्याचा मामा दर्यासारंग. कागद वाचायच्या आत लढाई झाली तर विजय ऑल्ड्रिजचा, आणि मग जहाजही भाच्यालाच द्यायला मामा टपलेलाच होता. हातातोंडाशी आलेला घास असा डोळ्यांदेखत चालला होता.

धक्क्याला सॉल्टॅशच्या बायकांची होडी होती. थॉमझिन स्किनर्ड आणि तिच्या तिघी जावा. त्या गावच्या बायका वल्ही मारू लागल्या की पुरुष पैज लावायचे नाहीत. कर्नोनं होडीत उडीच टाकली.

"बसा, पण हलू नका," थॉमझिन म्हणाली. "आमचा नवरा हलला तर मी त्यालाही पाण्यात टाकते."

लाटा होडीत येऊन आदळत होत्या. कर्नो नखशिखांत भिजला. अजून जोरात, सोळा वर्षं थांबलोय, अजून जोरात, असं त्याचं तुणतुणं चालूच होतं.

"सोळा वर्षं गप्प बसलात ना?" ती धापा टाकत म्हणाली. "मग आणखी घटकाभर बसा."

थ्रॉसलनं नांगराचा दोर तोडला, जहाजाचं पुढचं टोक वळलं, आणि त्याच वळणावर होडी जहाजाला भिडली. लोंबता दोर पकडून कर्नो वर चढला. खालून चौघी जणींनी त्याला जो आशीर्वाद दिला तो चर्चमधला खासच नव्हता.

ऑल्ड्रिजनं गालात हसत अदबीनं टोपी काढली. "स्वागत आहे, साहेब. पण माणसं तोफांवर आणि शिडांवर अडकलीत. कागद ऐकायला खाली गोळा केली तर फ्रेंच निसटेल. तोवर आपण केबिनमध्ये बसावं."

पोरगं बोलत होतं ते खरंच होतं, आणि कर्नोला राग आला तो त्याचाच. त्यानं वर पाहिलं. निम्मे खलाशी डोक्यावर, निम्मे पायाशी.

"सगळ्यांनी ऐकलं पाहिजे, एवढाच रिवाज आहे," तो म्हणाला. "सगळ्यांनी खालीच उभं राहावं असं कुठे आहे?"

आणि चाळिशीला टेकलेला हा गृहस्थ नव्या कोटासकट डोलकाठीच्या दोरांवर सरसर चढू लागला. अर्ध्यावर पोचून त्यानं दोराला कोपराचा विळखा घातला आणि कागद उलगडला. शाई पार वाहून गेली होती. लाखेची मोहर तेवढी शाबूत होती.

त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. मग त्याला हसूच आलं. सोळा वर्षं रोज दाढी करताना त्यानं आरशासमोर हाच मजकूर म्हटला होता. त्यानं तो निळा लगदा डोळ्यांसमोर धरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"राजेसाहेबांच्या आरमाराकडून नॅथॅनिएल कर्नो यांस. आजपासून तुम्हांस अमुक..."

तो अडखळला. आरशासमोर जहाजाचं नाव कधी नव्हतंच, तिथे तो नेहमी अमुक म्हणायचा. माणसं टकमक बघू लागली. सुकाणूवरच्या म्हाताऱ्या जॅगोनं तोंडाभोवती हात धरले.

"थ्रॉसल, साहेब. नाव थ्रॉसल आहे हिचं."

वरपासून खालपर्यंत हशा पिकला. कर्नोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते समुद्राचं नव्हतं.

"थ्रॉसल या जहाजाचे कप्तान नेमण्यात येत आहे," तो गरजला. फ्रेंचांचा पहिला गोळा त्याच्या डोक्यावरचं शीड फाडून गेला. "सर्व खलाशांनी तुमची आज्ञा पाळावी. कोणी कसूर केल्यास तो परिणामांस स्वतः जबाबदार राहील."

संपलं. खालून ऑल्ड्रिजनं पुन्हा टोपी काढली, आणि या वेळी त्यात हसू नव्हतं.

"काय हुकूम, साहेब?"

सवयीनं कर्नोच्या जिभेवर "होय, साहेब" आलंच होतं. ते त्यानं गिळलं आणि म्हणाला, "तोफा बाहेर काढा."