पाण्याच्या अंगानं

आमचे हे जगातली कुठलीच वस्तू एकटी विकत घेत नाहीत. (नाव घनश्याम. उखाण्याबाहेर मी ते कधी तोंडातून काढलं नाही, पण कागदावर लिहायला हरकत नसावी.) चपला जोडीनं येतात ते समजण्यासारखं आहे, पण हे विळे दोन आणतात, कंदील दोन आणतात, एकदा चाळण्याही दोन आणल्या. जन्मभर नांगराला हल्ये, म्हणजे रेडे, जोडीनं घ्यायची सवय, दुसरं काय! म्हणून ब्याऐंशी साली हल्यांची जोडी विकून ह्यांनी पावर टिलर आणला, तेव्हा मला नवल वाटलं ते एकच आणल्याचं.

पहिल्या हंगामात त्या यंत्रानं बांध्यांचा, म्हणजे धानाच्या खाचरांचा, असा चिखल केला, की आमच्या एकोडी गावची माणसं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून बघायची. दुसऱ्या हंगामात, ऐन रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, डाव्या चाकाच्या आतून गिअरबॉक्सचं तेल गळायला लागलं. बांधीच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसू लागला. आमचं पाणी धुऱ्यात ठेवलेल्या भोकातून, म्हणजे मुहीतून, खालच्या बांधीत उतरतं, आणि ती बांधी माझ्या भासऱ्यांची, म्हणजे ह्यांच्या मोठ्या भावाची. सेवकराम त्यांचं नाव; गावात त्यांची पिठाची चक्कीही होती. ते सकाळीच हजर झाले.

"घनश्याम, माह्या धानाले फोडणी देऊन राहिला का रे?"

ह्यांनी मान खाली घातली. मला राग आला, पण चूक आमचीच होती.

खरी काळजी तेलाची नव्हतीच. दुसऱ्या दिवशी गोदावरीबाईची टोळी आमच्याकडे रोवायला येणार होती आणि मोठी बांधी चिखल व्हायची बाकी होती. पाळी हुकली की बायका दुसऱ्याच्या शेतात जाणार, मग आमच्याकडे केव्हा येतील ते गोदावरीबाईलाही सांगता आलं नसतं. इकडे पऱ्हे गुडघ्याला लागायला आले होते. धानाची रोपं त्याहून जुनी झाली की फुटवे धरत नाहीत, आणि वर्षभराचं खाणं निम्म्यावर येतं. हल्ये तर आम्ही विकून बसलो होतो, आणि भासऱ्यांचे हल्ये त्यांच्याच चिखलात जुंपलेले.

हे भंडाऱ्याला गेले, पण तिथला मिस्त्री म्हणाला, रोवणा झाल्यावर येतो. रोवणा झाल्यावर टिलर काय आम्हाला ओवाळायला हवा होता? ह्यांनी त्याच्याकडून काम कसं करायचं ते विचारून घेतलं, दुकानातून ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, घेतलं आणि मिळेल त्या एसटीनं परत आले. कागदाची पुडी सोडली, तर आत दोन सील.

"दोन काहून आणले जी? गळते तर एकच बाजू."

"चाकं दोन हायेत ना," हे म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. पैसे काय झाडाला लागतात, वगैरे जे बोलायचं ते सगळं बोलले.

धुऱ्याजवळ टिलर दगडावर टेकवून हे कामाला लागले. तेल काढायला माझा वरण शिजवायचा गंज घेतला. चाक काढलं, झाकण काढलं. जुनं सील पेचकसानं उकरता उकरता चिंध्या होऊन बाहेर आलं, त्यामुळे ते कुठल्या बाजूनं बसलं होतं ते कळेना. मिस्त्रीला तेवढंच विचारायचं राहिलं होतं. नव्या सीलची एक बाजू सपाट होती, दुसऱ्या बाजूला रबराच्या ओठाभोवती बारीक स्प्रिंग.

भासरे धुऱ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. "स्प्रिंगचं तोंड बाहेर ठेव. चिखल बाहेरून घुसते. त्याले अडवाचं हाये."

जन्म चिखलात गेलेल्या माणसाला हे पटणारच. ह्यांनी तसंच ठोकून बसवलं, तेल भरलं, टिलर फिरवला. तेल आधीपेक्षा मोठ्या धारेनं आलं! पुन्हा सगळं उघडलं. काढताना ते सीलही फाटलं. आता हातात उरलं एकच.

"वाकडं बसलं असन," भासरे म्हणाले. "तोंड बाहेरच ठेव, फक्त जोरात ठोक."

ह्यांनी हातोडी उचलली. चूक कुठे होतेय ते मला लख्ख दिसत होतं. पण आमच्याकडे भासऱ्यासमोर सून बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्यासमोर शब्द काढला नव्हता. सांगायचं असेल ते गाईला सांगायचं, नाहीतर भिंतीला. तिथे गाय नव्हती आणि भिंतही नव्हती.

मी पदर पुढे ओढला आणि मुहीपाशी गेले. चिखलाचा गोळा उचलून खालच्या कोरड्या बाजूनं भोकाला लावला. पाण्यानं तो ढकलून दिला. दुसरा लावला, तोही गेला. मग मी त्या मुहीवरच ओरडले, "मेले, तुले कोरड्या अंगानं बुजवलं तर पाणी गोळ्याले ढकलूनच देते ना! पाण्याच्या अंगानं लावलं, की पाणीच दाबून बसवते!" आणि तिसरा गोळा पाण्याच्या बाजूनं लावला. तो बसला.

हातोडी हवेतच थांबली. ह्यांनी मुहीकडे पाहिलं, मग सीलकडे.

"दादा," हे हळूच म्हणाले, "तेल आत हाये."

ह्यांनी स्प्रिंगची बाजू आत फिरवली. मी घरी धावत जाऊन मोडक्या मुसळाचं लोखंडी कडं आणलं आणि ह्यांच्या हातात दिलं. ते सीलवर ठेवून हलक्या हातानं चौफेर ठोकलं, तसं सील सरळ आत बसलं. तेल भरलं. टिलर बांधीत उतरला. एक फेरी झाली, दुसरी झाली, मी चिखलातून मागोमाग. शेवटी हात घालून चाकाच्या आत बोट फिरवलं. बोटाला नुसता चिखल लागला.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच, गुडघाभर चिखलात, रडू लागले. ह्यांनी यंत्र बंद केलं आणि घाबरून विचारलं, "काय झालं वो? गळते का?" मी मानेनंच नाही म्हटलं. दिवस बुडायच्या आत मोठी बांधी लोण्यासारखी झाली.

सकाळी गोदावरीबाईची टोळी ओळीनं रोवत होती. मीही त्यांच्यात होते. भासरे धुऱ्यावर आले, वाकून आपल्या बांधीतलं पाणी पाहिलं. तवंग नव्हता. मग माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि टिलरला म्हणाले, "माह्या चक्कीच्या मशीनचंही तेल गळून राहिलं. कसं कराव, कोणाले विचाराव?"

बायका हात थांबवून माझ्याकडे बघू लागल्या. मी पदर सारखा केला.

"गोदावरीबाई," मी म्हटलं, "त्यायले सांगजो, सील आणाले जाल तं दोन आणजा."