मागची पेटी

ऋजुताने झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि अंगठा मध्येच अडला. दोन महिन्यांपूर्वी तिनेच हे लोखंडी झाकण बसवून घेतलं होतं. तेव्हा ते फरशीशी इतकं सपाट बसलं होतं, की गॅरेजमधल्या पोरगेल्या गजाने त्यावरून बेअरिंगची गोळी घरंगळत नेऊन दाखवली होती. आता कड फरशीच्या वर आली होती. तिने खिशातली पोलादी पट्टी उभी धरली. सहा मिलिमीटर.

"अनुपमदादा, इथे कुणी पहार वगैरे घातली होती का?"

"छे गं! तुझ्या लिफ्टला हात लावायची कुणाची छाती आहे?" गॅरेजचा मालक अनुपम चहाचा कप घेऊन दारात उभा होता. भिसेगावात दोन घरं सोडून राहणारा, त्यामुळे ती लिफ्ट बनवणाऱ्या खालापूरच्या कारखान्याकडून तपासणीला आलेली असली तरी त्याच्या लेखी शेजारचीच पोरगी. "सदूभाऊ तिला जावयासारखं जपतात."

"आयकतोय मी," बसखालून सदूचा आवाज आला. "जावई तरी रुसतो. ही बापडी रुसत पन नाय."

शाळेची छोटी बस माणसाच्या डोक्याच्या वर उचललेली होती. जमिनीत दोन लोखंडी पेट्या पुरलेल्या, एक पुढे, एक मागे. प्रत्येक पेटीतून एक जाड दांडा वर येई आणि बस तोलून धरी. तीस वर्षं गाड्यांखाली पाठीवर सरपटलेला सदू आता ताठ उभा राहून काम करायचा. ऋजुताने एकटीने केलेलं हे पहिलंच डिझाइन होतं.

सदू मागचा अ‍ॅक्सल काढत होता. तीनशे किलोचं ते धूड त्याने खालून जॅकवर टेकवलं होतं आणि एकेक नट सोडवत होता.

ऋजुता पुन्हा कडेपाशी वाकली. फरशी आणि झाकण यांच्या फटीत ओल होती. तिने बोट लावलं तर बोटाला पाणी लागलं. फेब्रुवारीचा महिना, बाहेर रस्त्यावर धूळ उडत होती. तिने मान वर करून मागच्या खिडकीतून पाहिलं. भिंतीला लागून कोवळ्या भाताचं शेत होतं, आणि रोपांच्या मधून पाणी चमकत होतं.

"या शेतात पाणी कधीपासून आहे?"

"संक्रातीपासून," सदू म्हणाला. "कालवा सुटला न्हवं का. उन्हाळी भात हाय त्यो. आमच्या कळंबच्या अंगाला पन लावलाय."

ऋजुताने पुन्हा ओल्या फटीकडे पाहिलं. पाण्याचा विचार तिने केला नव्हता असं नाही. पेटीभोवती खडी घातली होती, खडीत साठणारं पाणी उपसायला पंप दिला होता, आणि पुस्तिकेत स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'पंप जून ते ऑक्टोबर चालवावा, नंतर काढून तेल लावून ठेवावा.' पाणी म्हणजे पावसाळा. कर्जतमध्ये जन्म काढून तिला कालवा आठवला नव्हता. मातीची तपासणी डिसेंबरात झाली होती, आणि तेव्हा तीन मीटर खोल खड्डा कोरडा ठणठणीत होता.

चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये बंद, पोकळ लोखंडी पेटी. म्हणजे होडीच.

तिचं डोकं आपोआप आकडे मांडू लागलं. पाणी पेटीला वर रेटणार तीन टनांनी. पेटी आणि तिच्या तळाचं काँक्रीट मिळून एक टन आठशे. बसच्या मागच्या भागाचा भार एक टन चारशे. बेरीज तीन टन दोनशे. म्हणजे पेटी खाली दाबून धरायला फक्त दोनशे किलो जास्तीचे होते, आणि सदू तीनशे किलोचा अ‍ॅक्सल उतरवत होता.

"सदूभाऊ, पाना ठेवा आणि बाहेर या. आत्ताच्या आत्ता."

"येवढा एक नट..."

फरशीखाली धप्प असा आवाज झाला, कुणी तळघरात पोतं टाकावं तसा. बसचा मागचा भाग जरासा उचलला गेला आणि थांबला. जॅक किंचाळला. पाठोपाठ सदू ओरडला.

अ‍ॅक्सल तिरका झाला होता. सदूचं डावं मनगट अ‍ॅक्सल आणि वरचे स्प्रिंगचे पाटे यांच्या मध्ये सापडलं होतं. हाड मोडलं नव्हतं, पण हात निघत नव्हता.

"गाडी खाली घेतो!" गजा बटणाकडे धावला.

"हात लावू नकोस!" ऋजुता इतक्या जोरात ओरडली की गजा जागच्या जागी थिजला. "पेटी वाकडी झालीय. मागचा दांडा अडकेल, पुढचा खाली येईल. बस त्यांच्या अंगावर जाईल. मेन स्विच बंद कर."

"मग जॅक उतरवू? हात तरी सुटंल."

"जॅक उतरवलास की अ‍ॅक्सल सुटून पडेल, त्याचा उरलेला भार जाईल, आणि पेटी उसळेल."

अनुपमच्या हातातला कप कलंडून चहा शर्टावर सांडला होता. त्याचं त्याला भानही नव्हतं. "मग करायचं काय, ऋजुता?"

तिला रडू येत होतं. तिने पट्टी घट्ट धरली, आणि सुटका त्या आकड्यांतच दिसली. काढून ठेवलेला पंप बसवायला वेळ नव्हता; भार हवा होता. भार पेटीच्या पोटात घालता येत होता.

"दादा, गाड्या धुवायच्या टाकीचा मोठा पाइप आणा. पेटीत पाणी सोडा."

"पेटीत? अगं, आत तेलाची टाकी आहे, वायरिंग आहे..."

"जाऊ दे सगळं! बाहेर पाणी आहे म्हणून ती तरंगतेय. आत भरलं की बसेल."

गजाने तपासणीचं छोटं झाकण उघडलं. दोन इंची पाइप आत सोडला, कॉक उघडला. पाणी खळाळत पेटीत पडू लागलं. एक टन पाणी, म्हणजे सात-आठ मिनिटं.

कड वर येते की खाली जाते, हे बसखालूनच नीट दिसत होतं. ऋजुता आत शिरली.

"तू नको येऊ हितं, बाय," सदू म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "भाईर हो."

"मला पट्टी बघायचीय."

"गजाला सांग."

"गजाला मिलिमीटर वाचता येत नाहीत."

"मॅडम, बारावीला सायन्स होतं माजं," गजा पाइप धरून रडवेल्या आवाजात म्हणाला. कुणीच हसलं नाही.

ती गुडघ्यांवर बसली. पट्टी कडेला लावली. अकरा मिलिमीटर. डोक्यावर तीन टनांची बस, बसच्या पोटाला वाळलेल्या चिखलाचा थर. वरून मातीचा एक कण तिच्या हातावर पडला.

"काय झालंय, ते सांग तरी," सदू दात आवळून म्हणाला. "गप बसलीस की जास्त भ्या वाटतंय."

तिने सांगितलं. पेटी, पाणी, होडी. पंपाची ओळही सांगितली. "मी महिने लिहिले, सदूभाऊ. पाण्याची पातळी मोजायला सांगायला हवी होती. चूक माझी आहे."

सदूने ओठ चावून कळ सोसली. मग म्हणाला, "खड्डा खनला तवा मी हितंच होतो. कालव्याचं पानी दर साली हितवर पाझरतं, ह्या भिंतीला ओल धरते. तू मातीचं काय काय डब्यात भरत हुतीस. मला वाटलं, शिकलेली पोर हाय, तिला ठावं असंल."

"मी विचारलं नाही."

"मी पन बोललो नाय. आता किती?"

"अकरा."

"आनि आता?"

"अकराच."

पाणी पडत होतं. जॅकच्या सीलमधून तेलाचा थेंब निघाला आणि दांड्यावरून ओघळला. सदूने तो पाहिला, तिनेही पाहिला. दोघांनीही नाव काढलं नाही. जॅक हळूहळू बसत होता. अनुपमने दुसरा जॅक आणून अर्ध्या वाटेतच ठेवला होता. पुढे यायला त्याचे पाय धजत नव्हते.

"घरी बायकोला, द्वारकाला सांगू नका लगेच," सदू एकदम म्हणाला. "तिला रक्तदाबाची गोळी हाय."

"काही सांगायची वेळ येणार नाही."

"तुजा आवाज कापतोय, बाय."

"हो."

जमिनीखालून बारीक, लांबलचक करकर आली. ऋजुताने डोळे मिटले आणि मग जबरदस्तीने उघडले. पट्टीवर दहा. मग नऊ. फटीतून गढूळ पाणी बुडबुडत वर आलं आणि तिच्या गुडघ्यांखाली पसरलं. सात.

"खाली बसतेय! गजा, अजून सोड, थांबू नकोस!"

पाच मिलिमीटरवर कड थांबली. खाली गाळ शिरला असणार, त्याहून खाली ती जाणार नव्हती. ऋजुताने आणखी तीन मिनिटं मोजली. मोठ्याने मोजली, कारण मनातल्या मनात आकडे सांडत होते. मग जॅकचा स्क्रू स्वतः धरला आणि केसभर सैल केला. अ‍ॅक्सल खाली सरकला. कड हलली नाही. अजून केसभर. सदूने हात ओढून घेतला, तिच्या दंडाला धरलं, आणि दोघंही वाकून, घसरत बाहेर पडले.

बस उभीच राहिली.

सदू थांबला नाही. तो गॅरेजमधून बाहेर पडला, रस्ता ओलांडून पलीकडच्या दगडावर बसला. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. गजाने पाणी आणलं आणि तांब्या सदूच्या ओठांना लावला. ऋजुता त्याच्या शेजारी मातीतच बसली. 

अनुपम म्हणाला, "गाडी काढतो, दवाखान्यात जाऊ." मग ऋजुताकडे वळून हळूच, "अशी अजून कुठे बसवलीयस का गं?"

तिने फोन आधीच हातात घेतला होता. याच आराखड्यावरून केलेली आणखी एक लिफ्ट नेरळच्या वाटेवर होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं होती. कसली, हे तिने पाहिलंच नव्हतं.

"पुस्तिका तीच?" सदूने विचारलं.

"तीच."

पलीकडून फोन उचलला गेला. "लिफ्टवर गाडी आहे का?" तिने विचारलं. होती. टेंपो होता. "खाली कोण आहे?" पोरं जेवायला बसली होती, दहा मिनिटांत परत कामाला लागणार होती. "कुणालाही खाली जाऊ देऊ नका. बटण दाबू नका. गाडीतली एक वस्तूही उतरवू नका. मी येते." तिने तीनदा सांगितलं, आणि समोरच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

फोन ठेवला तेव्हा सदू उठून उभा राहिला होता. मनगट छातीशी धरलेलं.

"तुम्ही दवाखान्यात जा, सदूभाऊ."

"दवाखाना वाटेवरच हाय. पट्टी बांधतील तवर थांब," तो म्हणाला. गॅरेजकडे मात्र त्याने पाहिलं नाही. "मग मी येतो तुज्यासंगं. मी खाली जानार नाय, आदीच सांगतो. पन शेतात पानी कंदी येतं, ते तितल्या मानसांना इचारीन."