सरकारनं कापलेलं ते आक्काचं

रामरावाच्या थोरल्या पोरीचं, शिवकन्येचं, लग्न झालं ते साल एकोणीसशे पंच्याण्णव. त्या लग्नात लिंबखेड्याच्या लोकांनी जी बुंदी खाल्ली ती तळ्याच्या पैशांची होती. रामरावाच्या बापाची, कचरूची, चार एकर काळी जमीन सरकारनं तळ्यासाठी घेतली त्याला चौदा वर्षं झाली होती. कोर्टानं मोबदला वाढवून दिला, त्यावर एवढ्या वर्षांचं व्याज दिलं, आणि चेक नेमका हळदीच्या आठवड्यात हातात पडला. व्याजातून अठरा हजार चारशे रुपये कर म्हणून कापले होते. चेकाबरोबर एक कागद होता. इंग्रजीतला, चौकटी-चौकटींचा, खाली निळा गोल शिक्का आणि वर टाइप केलेलं कचरूचं नाव.

रामरावाला इंग्रजी येत नव्हतं, पण येत नाही म्हणायची त्याची रीत नव्हती. त्यानं कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला आणि मांडवातल्या सोयऱ्यांना सांगितलं, "तळ्याला जमीन दिली म्हणून सरकारनं आमच्या बाबाचा सन्मान केला. शिक्का बघा की!"

शिक्का सगळ्यांनी बघितला. कागद कुणी वाचला नाही. त्या मुलखात शिक्क्याचा कागद वाचायचा नसतो, मांडायचा असतो. राजूरला गणपतीचे फोटो मढवणारं दुकान आहे, तिथून रामरावानं त्याला काच आणि सोनेरी पट्टी लावून आणली आणि बैठकीत दाराच्या वर टांगून टाकला. त्याची बायको नंदाबाई दर दसऱ्याला काचेला हळदकुंकू लावायची, झेंडूचा हार घालायची. खुद्द कचरू मात्र त्याखाली बसून बिडी ओढायचा आणि म्हणायचा, "जमीन गेली अन् भितीला खिळा आला."

रामरावाची थोरली बहीण केशरबाई. तिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती गोठ्याशेजारच्या खोलीत राहिली. शेण, धार, निंदणी, खुरपणी सगळं तिच्या अंगावर. घरात तिचं काम एका सालगड्याएवढं होतं. फरक एवढाच की गड्याला सालाचे पैसे मिळायचे. एक्याण्णव साली गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा पन्नाशीला टेकलेली केशरबाई पाटी घेऊन बसली. रामरावाला हसू आवरेना.

"आक्का, आता काय तहसीलदार होती का?"

"तुझा तहसीलदार काय लिहितो ते तर कळंल."

ती अक्षरं शिकली. एस.टी.चं तिकीट वाचता यावं म्हणून मास्तरीणबाईंनी इंग्रजी आकडेही शिकवले, ते तिला अक्षरांपेक्षा लवकर आले.

सत्त्याण्णवच्या पौषात कचरू गेला. तेरवीची जेवणं झाली, सोयरे पान-सुपारीला बसले, आणि रामरावानं हक्कसोडीचा कागद व शाईची डबी पुढं ठेवली. राहिलेल्या जमिनीवर एकट्याचं नाव लावायचं होतं.

"आक्का, अंगठा दे."

केशरबाईनं डबी बाजूला सारली आणि पेन मागितलं. मग सगळ्यांसमोर, ओळीखाली बोट फिरवत, तिनं तो कागद वाचला. वाचायला पाव तास लागला. सोयऱ्यांची सुपारी संपली.

"ह्याच्यात मला काय?" तिनं विचारलं.

रामरावाची पंचाईत झाली. चार माणसांत बहिणीला काहीच न देणं बरं दिसेना, आणि काही देणं त्याच्या जिवावर आलं. तेवढ्यात त्याला ते अठरा हजार चारशे आठवले. कर परत मागता येतो असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून तो एकदा जालन्याला कराच्या ऑफिसात गेला होता. कापल्याचा कागद आणा, असं तिथं सांगितलं. असा कागद आपल्याकडे आलाच नाही, असं त्यानं ठामपणे सांगितलं, जिलबी खाल्ली आणि घरी आला. ते पैसे त्यानं कधीच मनातून सोडून दिले होते.

रामरावानं छाती पुढं काढली. "सरकारनं कापलेले अठरा हजार चारशे, ते समदे आक्काचे! मला त्यातला एक पैसा नको."

सोयऱ्यांनी माना डोलावल्या. भाऊ असावा तर असा, म्हणाले. न येणाऱ्या पैशांचा दाता फार उदार असतो.

"लिहून दे," केशरबाई म्हणाली.

सगळे हसले. रामरावही हसला, आणि तोऱ्यातच दुसऱ्या दिवशी वीस रुपयांच्या स्टॅम्पावर लिहून दिलं. दोन साक्षीदार घेतले. केशरबाईनं मग हक्कसोडीवर सही केली, काना-मात्रेसह.

तिच्या डोक्यात गिरणी होती. लिंबखेड्यात पिठाची गिरणी नव्हती. बाया डोक्यावर दळण घेऊन राजूरला जायच्या, दोन कोस. जुनी चक्की आणि मोटर सतरा-अठरा हजारांत मिळते हे तिनं विचारून ठेवलं होतं. गिरणी झाली तर गोठ्याशेजारची खोली सुटली, नंदाबाईच्या हातची मोजून मिळणारी भाकर सुटली. नाहीतर मरेपर्यंत शेण होतंच.

जालन्यात मस्तगडला एका कापडदुकानाच्या माडीवर भालचंद्र नावाचे कर सल्लागार बसायचे. केशरबाई दोन शेर भुईमुगाच्या शेंगा घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली.

"पैसे मिळतील, मावशी," ते शेंगा फोडत म्हणाले. "व्याज चौदा वर्षांचं आहे. वर्षावर्षाला वाटून टाकलं की कर लागतच नाही. वारस म्हणून तुम्हाला मागता येईल. उशीर झालाय, तो माफ करायचा अर्ज करू. पण कर कापल्याचा मूळ कागद हवा. सोळा-ए नंबरचा फॉर्म."

"तो न्हाई सापडत."

"मग ज्यांनी कापला त्यांच्याकडून दुसरी प्रत आणा."

ज्यांनी कापला त्या ऑफिसात ती गेली. तिथल्या कारकुनानं रजिस्टर उघडलं, मिटलं. "मूळ कागद दिलेला आहे. पोच आहे."

"कुणाला दिला?"

"सही आहे. रामराव."

"तो म्हणतो आला न्हाई."

"मग रामरावाला विचारा."

"अन् दुसरी प्रत?"

"मूळ कागद हरवल्याचा पुरावा आणा."

"हरवलेल्या चीजेचा पुरावा कुठं मिळतो, साहेब?"

कारकुनाला हा प्रश्न आवडला नाही. "सोमवारी या," तो म्हणाला. सोमवारी ती गेली तेव्हा तो लग्नाला गेला होता. पुढच्या सोमवारी साहेब दौऱ्यावर होते. त्याच्या पुढच्या सोमवारी कपाटाची किल्ली दौऱ्यावर होती. केशरबाई परतीच्या जीपमध्ये बसायची आणि मनात म्हणायची, आमचा बैल बरा, तो निदान बसला की बसलाय हे दिसतं.

घरी रामरावानं शोधण्याचा देखावा केला. ट्रंक उपसली, कणगीत हात घातला, पोथीचं फडकं झटकलं. "मी सही केली असंल, आक्का, पण ती चेकाची. बाकी काय कागद न्हाई दिला त्या लोकांनी. चोर हायेत बिलकुल." हे तो बैठकीत, दाराकडे तोंड करून बोलत होता. नंदाबाई चुलीपासून ओरडली, "जाऊ द्या ना, आक्का. गिरणी काय करता ह्या वयात? देवाचं नाव घ्या."

"देवाचं नाव घेऊन शेण उचलायलाच लागतंय ना मला," केशरबाई म्हणाली.

दीड वर्ष असं गेलं. शेंगांचं पोतं अर्धं झालं. भालचंद्रांनी फी कधी मागितली नाही, शेंगा कधी सोडल्या नाहीत. एकदा मात्र त्यांनी कामाचं काहीतरी केलं. दुसऱ्या कुणाचा तसला फॉर्म काढून दाखवला. "हा असा असतो बघा. वर सोळा. मध्ये चौकटी. इथं कापलेली रक्कम. खाली शिक्का." केशरबाईनं बोटानं तो सोळा तळहातावर दोनदा गिरवून घेतला.

अठ्ठ्याण्णवचा दसरा आला. नंदाबाईनं फडकं पुढं केलं, "आक्का, तेवढी बाबांची फ्रेम पुसा. मला आता स्टुलावर चढवत न्हाई." केशरबाई स्टुलावर चढली. तीन दसऱ्यांचं कुंकू काचेवर साचलं होतं. ते तिनं पदर ओला करून काढलं, तसे खालून आकडे उघडे पडले. वर सोळा. मध्ये चौकटी. एका चौकटीत एक, आठ, चार, शून्य, शून्य.

बोटानं तिनं ते आकडे पुन्हा एकदा गिरवले. मग तिनं फ्रेम खिळ्यावरून काढली.

"अहो, काय करता? आज दसरा हाय!" नंदाबाई किंचाळली. रामराव आपट्याची पानं घेऊन आत आला.

"आक्का, बाबाचा सन्मान हाय तो! खाली ठेव!"

"सन्मान न्हाई, राम्या. पावती हाय ही. बापाचे पैसे कापल्याची. तीन वर्षं तू पावतीला हार घातला." तिनं काच त्याच्या नाकासमोर धरली. "हे वाच. अठरा हजार चारशे. ट्रंक उपसत होतास ना? कणगीत हात घालत होतास? मान वर केली असती तर टोपीला लागला असता हा कागद."

रामरावानं कागद बघितला. मग शिक्का बघितला. "शिक्का तर खराच हाय की," तो म्हणाला. त्याला तेवढंच सुचलं.

भालचंद्रांनी फ्रेमसकट कागद हातात घेतला तेव्हा तेही क्षणभर शेंगा विसरले. "इतका जपून ठेवलेला फॉर्म मी आयुष्यात पाहिला नाही," म्हणाले. मागचे खिळे उपटून कागद काढला, अर्ज लिहिला, वारसाचे दाखले आणि रामरावाचा स्टॅम्प जोडला. हे डिसेंबरात झालं. त्यानंतर फाईल झोपली. नव्याण्णव साल सगळं ती झोपली. केशरबाई विचारायला गेली की सांगायचे, "औरंगाबादला आहे." औरंगाबादला फाईल काय करते, हे कुणाला माहीत नव्हतं. रामराव पारावर सांगत फिरायचा, "मी तर देऊन टाकले पैसे. सरकार देत न्हाई त्याला मी काय करू?" आणि लोक त्याला चहा पाजायचे.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात कराच्या ऑफिसातून परतीच्या चेकाचं, रजिस्टर केलेलं एक लांबट पाकीट आलं. वर नाव कचरूचंच. अर्जात वारस लिहिला होता, पण लिहिणाऱ्यानं मेलेल्याचंच नाव उचललं. पोस्टमन वसंता सरळ माणूस. केशरबाई रानात होती, म्हणून त्यानं ओट्यावर बसलेल्या रामरावाला विचारलं, "म्हाताऱ्याचं रजिस्टर हाय. घेता का?"

रामरावानं पाकीट उलटं करून मागचा शिक्का बघितला. या खेपेला त्यानं तो नीट बघितला. "मेलेल्या माणसाचं मी कसं घेऊ? मयत म्हणून लिही अन् धाडून दे." वसंतानं लाल पेनानं लिहिलं, मयत, आणि धाडून दिलं.

हे केशरबाईला आठ दिवसांनी वसंताच्याच तोंडून कळलं. ती ओट्यावर आली. रामराव तांब्या घेऊन पुढं झाला, "पाणी घेती का, आक्का?" "का परत केलंस?"

"मला काय ठावं त्यात काय हाय ते? मी सही करून फसलो एकदा."

"तुला ठावं नव्हतं?"

"न्हाई."

"मंग आज मला पाणी का विचारून राह्यलास, जन्मात न्हाई विचारलंस ते?"

रामरावानं तांब्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

पुन्हा चकरा, पुन्हा शेंगा. दुरुस्त केलेलं पाकीट केशरबाईच्या नावानं यायला आणखी चौदा महिने लागले. कर, आणि इतकी वर्षं अडकवून ठेवल्याचं व्याज धरून सव्वीस हजारांवर रक्कम निघाली. हा आकडा कळला तसा रामरावाचा आवाज मऊ झाला. संध्याकाळी तो गोठ्याशेजारच्या खोलीत आला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"आक्का, मी अठरा चारशे म्हणालो होतो. वरचे तरी…"

"स्टॅम्पावर काय लिहिलंय?"

"ते मी आपलं चार लोकांत…"

"समदे आक्काचे, असं लिहिलंय. एक पैसा नको, असं लिहिलंय. वाचून दाखवू? आता लवकर वाचते मी."

"आपला बाप एकच होता, आक्का."

"व्हय. अन् त्याला तू मयत लिहून परत धाडलंस."

दोन हजार एकच्या दिवाळीत पाराजवळच्या पत्र्याच्या खोलीत गिरणी सुरू झाली, आणि केशरबाईनं आपली वळकटी तिथंच हलवली. दारावर तिनं खडूनं स्वतः लिहिलं, दर सगळ्यांना सारखा. रामराव सोयऱ्यांना गिरणी दाखवायचा आणि सांगायचा, "बहिणीला मी गिरणी टाकून दिली." ते ऐकून केशरबाई पट्टा चढवायची आणि मोटर सुरू करायची, मग त्याचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही. त्याच्या घरचं दळण यायचं, नंदाबाई रांगेत उभी राहायची, पैसे द्यायची.

रामराव गेला तेव्हा नंदाबाईनं त्याचा फोटो त्याच सोनेरी पट्टीच्या फ्रेमीत बसवला. काच चांगली होती आणि खिळा जागेवर होता. तेरवीचं दळण केशरबाईनं दळून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. तसं लिहून मात्र कुणाला दिलं नाही.

रामराव २३ फेब्रुवारी २००४ रोजी वारला. केशरबाई ९ जून २००९ रोजी वारली.