उम्सुनाईच्या पायांतला दोरा

बेगिमाईची लेक उम्सुनाई उशिरा का होईना, चालायला लागली आणि सगळी आळी विचारू लागली, दोरा कधी कापणार? आमच्या नारीनमध्ये मूल चालू लागलं की काळ्या-पांढऱ्या लोकरीच्या दोऱ्यानं त्याचे पाय बांधतात, पोरांची शर्यत लावतात आणि पहिलं येईल ते पोर दोरा कापतं. त्याशिवाय मूल ठेचकाळत राहतं, असं सगळे मानतात. उम्सुनाई तर सारखी ठेचकाळायची. ती पडली की बेगिमाईच्या हातातलं काम सुटायचं.

पण सासू, सायरा एने, म्हणजे सायराआई, दोऱ्याचं नाव काढू देईना. पोर पोटात असतानाच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांतून बारीक तंतू निघतात, मधली रेघ ओलांडून पलीकडे जातात आणि त्यांचाच पूल होतो. हिचे तंतू मध्यापर्यंत आले, वाट मिळाली नाही म्हणून वळले आणि आपापल्या काठानंच वाढत राहिले. एनेनं त्यातला धागा तेवढा मनात धरून ठेवला.

"डोक्यात जोडणारा धागा नाही, आणि पायांत बांधायचा तोही कापायचा म्हणतेस? मी मेल्यावर काप."

बेगिमाईला घरात चैन पडेना. चहा ओतायची नि प्यायला विसरायची, पोरीला उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. शेवटी तिनं सासूलाच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एनेला समोर बसवून सांगितलं, हा पूल विणायचा काळ आईच्या पोटातच सरतो, आता तो व्हायचा नाही. पण दुसऱ्या लहान पायवाटा आहेत, थोडे निरोप तिकडून जातात. काय जमेल आणि काय उशिरा जमेल, ते पोरच दाखवेल.

परतताना एने जपमाळ ओढत बसली होती. घाट उतरल्यावर म्हणाली, "अल्लानं जे विणलंच नाही, ते आपली कात्री काय कापणार, बाळा? नवऱ्याला दोऱ्याच्या जेवणासाठी मेंढी बघायला सांग. रोडकी आणू नको म्हणावं, लोक नावं मला ठेवतील."

शर्यतीत शेजारची अल्तिनाई पहिली आली. तिनं कात्री चालवली तेव्हा एनेचे डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते. दोरा गळून पडला. उम्सुनाईचा डावा पाय पुढे पडला, उजवा मागेच राहिला. बेगिमाई धावणार तोच एनेनं तिची बाही घट्ट धरली. पोर डुलली, मटकन बसली आणि गवत उपटू लागली.

मग ती हात टेकून उठली आणि पोरांच्या गलक्याकडे वाकडीतिकडी चालत निघाली. तेव्हा कुठे एनेनं बाही सोडली.