नाव नसलेली बटणं

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला लावलेल्या तारांमधून एक गुंजन यायचं. आम्ही ऑपरेटर मुली त्याला समुद्र म्हणायचो. माझी थोरली बहीण शेजारच्याच बोर्डावर असायची. अजून दुपारी डोळा लागला की तो समुद्र येतो आणि त्यात ताई कुणाला तरी म्हणत असते, "जोडून देते हं."

ताईला आता दिसत नाही. पडद्यावर बोट फिरवेल तसं तिचा मोबाइल तिला वाचून दाखवतो. ताईचे यजमान, आमचे भावोजी, रेडिओवर हवामान सांगायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. यंदा रेडिओ केंद्राने जुनी ध्वनिमुद्रणं वेबसाइटवर ठेवली. वेबसाइट केली कुणी, तर ताईच्याच मुलीने. ताई हरखून गेली. पण मोबाइल म्हणाला, "बटण. बटण. त्रिकोण नवा शेवटचा दोन. बटण."

भाचीने जीभ चावली. "ते ऐकायचं बटण, आई. चित्राच्या फाइलचं नाव वाचतोय तो. बाकीच्यांना नावच द्यायचं राहिलं."

"घरातल्या सगळ्या दारांवर नुसतं 'दार' लिहिलंस, तर मी आंघोळीला म्हणून निघेन आणि टॉवेल घेऊन रस्त्यावर पोचेन!"

"मी लावून देते ना."

"नको. लावून दिलंस की समोर बसशील. मला त्यांना एकटीने भेटायचंय."

मग मी भाचीला आमच्या पक्कडरावांची गोष्ट सांगितली. ते एक्स्चेंजचे मेकॅनिक, पक्कड सदा खिशात. एकदा दृष्टी नसलेली एक मुलगी कामाला आली. बोर्डावर फोन आला की दिवा लागायचा, तो तिला कसा दिसणार? साहेब नाहीच म्हणाले. पक्कडरावांनी स्वतःच्या डोळ्यांना मफलर बांधला आणि दिवसभर बोर्डावर बसले. डॉक्टरांचा फोन खाटकाला जोडला, पोटभर शिव्या खाल्ल्या. पुढच्या आठवड्यात प्रत्येक दिव्याखाली एक पिन आली. फोन आला की ती वर उठायची, बोटाला टोचायची. संध्याकाळी डोळे शिणले की आम्हीही त्या पिनांवरच काम करायचो.

भाची हसली. पण दुसऱ्या दिवशी पाहते तर तिने लॅपटॉपच्या पडद्यावर टॉवेल टाकलेला, माउस बाजूला ठेवलेला, आणि नुसत्या कळा दाबून, कानाने ऐकत ती वेबसाइट चालवत होती. तासाभरात घामाघूम.

"मावशी, सूचनेच्या चौकटीत अडकले गं! बाहेरच पडता येईना!"

"आमच्या साहेबांची केबिन आठवली," ताई म्हणाली.

चार दिवस असेच गेले. रविवारी ताईने तिच्या खोलीचं दार लावून घेतलं. मी बाहेर मटार सोलत बसले. भाची नखं खात होती.

आतून मोबाइल म्हणाला, "हवामान वृत्त. ऐका. बटण."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. आणि एकदम तो आला, समुद्र. जुन्या टेपची ती खरखर. तिच्यातून भावोजींचा संथ आवाज वर आला, "उद्या आकाश निरभ्र राहील."

"काही निरभ्र-बिरभ्र नाही," ताई आत म्हणाली, "छत्री घेऊन जा."

"पुन्हा ऐका. बटण."

भाची दाराकडे सरकली. मी तिचा हात धरला. जोडून दिलं की कान काढून घ्यायचा, हा एक्स्चेंजचा पहिला नियम. परात उचलली आणि तिला घेऊन स्वयंपाकघरात गेले.