नाताळच्या कव्हरातली मी

हुश्श! सुटले बाई एकदाची!

मी एक रेकॉर्ड बोलतेय. जुनी, काळी, सुई टेकवली की गाणारी. माझ्या कव्हरावर तुम्हाला बर्फ दिसेल, देवदूत दिसेल आणि चर्चच्या गायनमंडळातल्या अकरा बायका हसताना दिसतील. त्यांच्यावर जाऊ नका. ते कव्हर माझं नाहीच. माझ्या पोटात भजनंबिजनं काही नाहीत, चार पोरांचा नुसता कल्ला आहे.

माझा जन्म शहाऐंशी सालचा, अमेरिकेतल्या ओहायोतला. बँडचं नाव सॅटिन हॉर्नेट्स, म्हणजे रेशमी गांधीलमाश्या. हे नाव ठेवलं तेव्हा पोरं शुद्धीवर होती की नाही, देव जाणे. माझ्या खऱ्या कव्हरावर चौघं उभे होते. घट्ट विजारी, ओठांना लाली आणि केस असे उभारलेले, की दारातून आत येताना मान वाकवावी लागे. मधला गाणारा ड्वेन. दिवसा टायरच्या दुकानात कामाला आणि शनिवारी स्टेजवर राजा.

आता ते केस काही आपोआप उभे राहत नसत. त्यासाठी हेअरस्प्रे लागे, आणि तो ड्वेन आईचा ढापायचा. त्याची आई व्हर्नाबाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. दर शुक्रवारी त्या स्वतःचे केस फुगवून बसवून घेत आणि रविवारी चर्चमध्ये गायला जात. डबा हलवून बघितला की रिकामा! मग घरात आरडाओरडा. ड्वेन साळसूदपणे म्हणायचा, "रोंडाला विचार ना." रोंडा त्याची धाकटी बहीण. एकदा तर बिचारीला याच स्प्रेपायी शाळेच्या मोठ्या नाचाला जाऊ दिलं नाही. ती रडून रडून सांगत होती, "आई, शप्पथ, मी नाही गं!" पण ऐकतंय कोण?

मला छापायच्या आधी मूळ तबकडी कापतात. ती कापणाऱ्या म्हाताऱ्याने पोरांना विचारलं, "गाणी संपल्यावर मध्ये थोडी मोकळी जागा राहते. काही खरडायचंय का? सगळे खरडतात." ढोलवाल्याला कवटी काढायची होती. ड्वेनने त्याच्या हातातून टोच्या हिसकावला आणि बारीक अक्षरांत लिहिलं : 'आई, स्प्रे मीच संपवला. सॉरी. ड्वेन.'

तेव्हापासून हे माझ्या अंगावर गोंदलेलं आहे. तोंडाने कबूल करायची हिंमत नव्हती पठ्ठ्याची. पहिली रेकॉर्ड, म्हणजे मी, त्याने आईच्या हातात दिली आणि म्हणाला, "नीट बघ हं, सगळी बघ." आईने कव्हर बघितलं. "अगं बाई, ही लिपस्टिक माझी आहे का?" एवढंच म्हणाली आणि मला कपाटावर ठेवलं.

पुढच्याच वर्षी चर्चमध्ये एक नवे पाद्रीबुवा आले. त्यांना प्रत्येक गिटारीत सैतान दिसायचा. त्यांनी फर्मान काढलं, रविवारी प्रार्थना झाली की ज्याने त्याने पोरांच्या असल्या रेकॉर्डी आणायच्या आणि अंगणात जाळायच्या. गायनमंडळाच्या बायकांनी तर आधी आणायच्या. व्हर्नाबाईंचा पोरगा त्यातलाच, हे सगळ्या गावाला ठाऊक. आता त्या काय करतात, याकडे सगळ्यांचे डोळे.

मी कपाटावर दिवस मोजत होते म्हणा ना. रविवारी सकाळी व्हर्नाबाई आल्या. दार लावून घेतलं. मला कव्हरातून काढलं आणि गादीवर ठेवलं. मग आपल्या मंडळाची नाताळची रेकॉर्ड काढली आणि ती घातली माझ्या कव्हरात. मी त्यांच्या कव्हरात. स्वतःशीच पुटपुटल्या, "तो बुवा कुठं आत हात घालून बघतोय!"

आणि खरंच बघितलं नाही हो! कव्हरावरची लाली बघून बुवांनी नाक मुरडलं आणि दिलं भिरकावून आगीत. आपलंच गायनमंडळ आपल्याच हातांनी जाळलं की!

पण रस्त्यापलीकडे टायरच्या दुकानासमोर ड्वेन उभा होता. त्याने आईच्या हातून ते कव्हर जाताना बघितलं. त्याच आठवड्यात तो बॅग भरून मित्राकडे राहायला गेला. जाताना दारातून एवढंच म्हणाला, "जाळलंस ना मला? झालं समाधान?"

व्हर्नाबाईंनी तोंड उघडलं होतं, पण दार लागलं.

सुरुवातीला त्या चर्चच्या भीतीने गप्प बसल्या. पुढे बुवा बदलून गेले, भीती संपली, पण हट्ट उरला. 'माझ्यावर विश्वास नाही ना? मग मी कशाला सांगू?' तोही आईवरच गेलेला. सणावारी यायचा, टर्की खायचा, "मीठ दे," "येतो," यापुढे शब्द नाही. केस कापले, मग ते गळलेही. बँड मोडला. माझ्या बाकीच्या बहिणी ढोलवाल्याच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा वाया गेल्या.

ड्वेनच्या वाढदिवसाला मात्र दुपारी खिडक्या लावून व्हर्नाबाई मला लावायच्या. फक्त एकच गाणं, दुसऱ्या बाजूचं शेवटचं, सावकाश चालीचं. ते संपायच्या आत सुई उचलायच्या. म्हणजे माझ्या अंगावर लिहिलेलं अगदी बोटभर पुढे, आणि यांचा चष्मा नेहमीसारखा कुठेतरी हरवलेला! किती जीव तळमळायचा माझा. पण सुईशिवाय मला वाचा नाही आणि सुईला ते अक्षर वाचता येत नाही. मग एका वर्षी मला फिरवणाऱ्या यंत्राचा पट्टा तुटला आणि तेही बंद झालं. पंचवीस वर्षं मी खोक्यात पडून होते.

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी घरासमोर जुनं सामान विकायला मांडलं. व्हर्नाबाई आता त्र्याऐंशीच्या, घर सोडून रोंडाजवळ छोट्या फ्लॅटमध्ये जायच्या होत्या. यातलं काहीच ठाऊक नसलेल्या रोंडाने माझ्यावर एक डॉलरची चिठ्ठी चिकटवली. ड्वेन सोफा उचलायला म्हणून आला होता आणि आपल्या ट्रकला टेकून उभा होता.

तेवढ्यात टोपी घातलेला एक गृहस्थ आला. रेकॉर्डी जमवणारा. ही माणसं कव्हर बघत नाहीत. त्याने मला बाहेर काढलं, उन्हात तिरकं धरलं आणि मधलं नाव वाचून त्याचे डोळेच विस्फारले. पटकन मला आत सरकवून म्हणाला, "भजनांची आवड आहे मला. वीस देतो."

माझा जीव टांगणीला लागला. गेले मी आता कुणा परक्याच्या घरी!

"नाताळच्या गाण्यांचे वीस?" रोंडाला संशय आला.

घरातून काठी आपटत आवाज आला, "ती विकायची नाही! ठेव खाली!"

"अगं आई, यंत्र बंद पडून जमाना झाला. कोण ऐकणार आहे भजनं?"

"म्हटलं ना, ठेव!"

टोपीवाला ओशाळला. "बाई, खोटं कशाला बोलू? यात भजनं नाहीत. सॅटिन हॉर्नेट्स आहे. आणि मध्ये कुणीतरी काही लिहिलंय."

ट्रकजवळून ड्वेन आला. मला हातात घेतलं. अठ्ठावन्न वर्षांचा टकला माणूस, पण त्याची बोटं मी लगेच ओळखली. "ही... ही तर जाळली होतीस तू."

"भजनं जाळली मी," व्हर्नाबाई म्हणाल्या. "तुला कशी जाळीन रे?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

ड्वेन मला घेऊन पायरीवर बसला. रोंडाने चष्मा लावून माझ्या अंगावरचं मोठ्याने वाचलं. वाचलं आणि किंचाळली, "नालायका! तू होतास? माझा नाच गेला तुझ्यापायी!"

"सॉरी गं," ड्वेन म्हणाला, आणि हसता हसता हमसून रडायला लागला.

विकायला काढलेलं यंत्र त्यानेच परत घरात नेलं आणि ब्रोकोलीच्या जुडीचं जाड रबर पट्ट्याच्या जागी चढवलं. रबर जरा सैल होतं. मी हळू फिरत होते, त्यामुळे एकवीस वर्षांचं पोर बाप्यासारखं गात होतं. टोपीवाला टोपी काढून अंगणात ऐकत राहिला. या खेपेला गाणं पूर्ण संपलं, तरी कुणी सुई उचलली नाही.

आता मी रोंडाच्या फ्लॅटमध्ये असते, याच अकरा बायकांच्या कव्हरात. ड्वेन दर रविवारी जेवायला येतो आणि मीठ मागायच्या आधी तासभर बडबडतो. बाबांनो, कुठे जुन्या रेकॉर्डी दिसल्या तर आत हात घालून बघा एवढंच माझं मागणं. माझ्यासारखी कुणीतरी वाट बघत असेल.

आणि हो, त्या दिवशी गाणं संपल्यावर व्हर्नाबाई न्हाणीघरात गेल्या, स्प्रेचा नवाकोरा डबा आणला आणि ड्वेनसमोर ठेवला.

"घे. सगळा तुझा. आता चोरून नको मारूस."

ड्वेनने टकलावरून हात फिरवला. "कुठं मारू गं, आई?"

"इकडे ये," त्या म्हणाल्या, आणि त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.